चाकावरचा आडोसा

माझ्या नवऱ्याने माझ्यासाठी संडास बांधला, तोही चाकांवर. हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. हसू द्या. मीही हसले होते.

देवानंद आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवायचे. निवृत्त झाल्यावर बाकीची माणसं गुडघे धरून ओट्यावर बसतात. यांनी एका शाळेची भंगारात निघालेली व्हॅन आणली आणि धामणगावच्या आमच्या अंगणात उभी करून वर्षभर तिला ठोकत बसले. सीटा काढून दोघांपुरता पलंग केला, गॅसची शेगडी बसवली, टपावर सोलरचे पत्रे, पाण्याची टाकी, खिडकीत छोटासा कूलर. शेजारचे खुशालराव रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन यायचे आणि विचारायचे, “काय मास्तर, निंगालं का घर?” हे मान वर न करता म्हणायचे, “निंगन.”

सगळ्यात शेवटी त्यांनी मागच्या कोपऱ्यात कपाटाएवढी एक खोली केली. आत बसायचं भांडं, त्याखाली बाहेरून ओढून काढता येणारी टाकी, प्लायचं दार, आतून कडी. दाराला माझ्या आवडीचा फिका निळा रंग.

“हे तुह्यासाठी,” ते म्हणाले आणि लगेच पान्हे गोळा करू लागले. “सोय.”

आमच्या घरात त्याला सोयच म्हणतात. तिशी ओलांडलेल्या संसारात आम्ही दोघांनी एकमेकांसमोर ‘लघवी’ हा शब्द कधी काढला नव्हता. ‘जाऊन येते’, ‘जरा मागे’, ‘सोय’, एवढ्यावर भागलं. आकांक्षा झाली, ती लग्न होऊन बंगलोरला गेली, मधे केवढी आजारपणं झाली, तरी भागलं. आणि त्याच न काढलेल्या शब्दाने माझं शरीर पोखरलं होतं.

मी चांदूर बाजारकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. अमरावतीत खोली केली होती, तिथून रोज एसटीने जाणं-येणं. शाळेला बायकांसाठी आडोसा नव्हता. मुलांसाठी नव्हता तिथे बाईंसाठी कुठून असणार? मग शाळेमागचं वावर. कपाशी उभी असायची तोवर बरं होतं. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली की तिच्यात माणूस दिसत नाही. माझ्यासोबतची शिक्षिका जमुना आणि मी, दोघी जोडीने जायचो. एक आत, दुसरी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाठ करून उभी. जमुना पाठ करून नुसती उभी राहायची नाही, मोठमोठ्याने पाढे म्हणायची. का, तर आतल्या बाईला आपला आवाज कुणी ऐकतंय असं वाटू नये. रस्त्याने जाणारा शेतकरी म्हणायचा, काय मेहनती बाई आहे, वावरातसुद्धा शिकवते.

पण उलंगवाडी झाली, शेवटचा कापूस वेचून झाला, की पऱ्हाटी उपटली जायची. मग त्या काळ्या रानात लपायला चिमणीलाही जागा नाही. माघ-फाल्गुनापासून उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत आम्ही पाणीच प्यायचो नाही. तोंड ओलं करायचं, बस. आणि भिंतीवर मी स्वतः रंगाने लिहिलं होतं, ‘भरपूर पाणी प्या, निरोगी राहा’. पुढे सरकारने बांधून दिला एक संडास. त्यात खिचडीच्या तांदळाची पोती ठेवली आणि किल्ली हेडमास्तरांच्या खिशात गेली. त्या माणसाबद्दल मला आजही चांगलं बोलता येत नाही, आणि बोलायचंही नाही.

हळूहळू तहान लागायचीच बंद झाली. मला तो माझा संयम वाटायचा. निवृत्तीच्या सुमारास पायांवर सूज आली तेव्हा कळलं की एक किडनी कामातून गेली आहे आणि दुसरी रडतखडत चालते आहे. जमुनाचं तर दोन्हीकडून संपलं होतं. तिला आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या मशीनवर घेत. मी भेटायला गेले की ती खाटेवरून म्हणायची, “आता घे म्हनावं पानी, तर डाक्टर मोजून देते.” गेल्या पोळ्याच्या आधी ती गेली.

म्हणून ती गाडी, म्हणून तो निळा दरवाजा. माझी एकच हौस राहिली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठेतरी फिरायला जायचं. नोकरीत प्रत्येक उन्हाळा जनगणना, निवडणूक, प्रशिक्षण नाहीतर लग्नं यांत गेला. देवानंद म्हणाले, “आता कोनाच्या बापाची भीती नाही तुले. पानी पे, मनसोक्त फिर.”

मे महिन्यात निघालो. पहिला मुक्काम अमरावती. आधी डॉक्टरांकडे गेलो, कारण त्यांची परवानगी हवी होती. डॉक्टर तरुण होते, स्पष्ट बोलले.

“जा, पण पाण्यात कसूर नको. बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे. शरीर सुकलं तर जी किडनी उरली आहे ती बसेल. एकदा बसली की मग मशीन. मी घाबरवत नाही, सांगतो आहे.”

“डाक्टरसायेब, सोय गाडीतच आहे,” देवानंद असे म्हणाले, जणू घरी विमान उभं आहे.

त्या संध्याकाळी आम्ही राजकमल चौकात हिंडलो, गाडीवर उभं राहून गिला वडा खाल्ला, ओळखीची दुकानं शोधली आणि छत्री तलावापाशी गाडी लावून झोपलो. पहाटे तलावाकाठी फिरायला येणाऱ्या बायकांच्या बोलण्याने जाग आली. मी इतकी खूश होते की यांना म्हटलं, आपण हे वीस वर्षांपूर्वी का नाही केलं? ते म्हणाले, “वीस वर्साआधी माह्यापाशी सायकल होती.”

चिखलदऱ्याला पोहोचलो आणि तिथे घोळ झाला.

कॉफीच्या मळ्याला लागून एका ओळखीच्या माणसाची मोकळी जागा होती. गाडी तिथे लावली. हवा गार, समोर दरी. दुपारी मी पहिल्यांदा त्या निळ्या दारामागे गेले. कडी लावली. दाराच्या पलीकडे हे कांदा चिरत होते. सुरीचा टक-टक आवाज येत होता. मी बसले आणि सुरी थांबली.

बिचाऱ्यांनी सभ्यपणाने थांबवली. ते श्वासही जपून घेत असावेत. गाडीत अशी शांतता पसरली की माझ्या बांगडीचा आवाज मला मोठा वाटला. प्लायचं दार, दोन हातांवर नवरा, त्याच्यापुढे आमच्या दोघांचा कांदा, शेगडीवर वरण. मी तशीच बसून राहिले. काही झालं नाही. माझ्या अंगाने इतकी वर्षं जे शिकून ठेवलं होतं ते एका निळ्या दाराने पुसलं जाणार नव्हतं. शेवटी खोटंच एक तांब्या पाणी ओतलं आणि बाहेर आले. सुरी पुन्हा सुरू झाली.

“बरं आहे ना?” त्यांनी कांद्याकडे पाहत विचारलं.

“छान आहे,” मी म्हटलं.

एवढ्या कष्टाने केलेल्या वस्तूला नाही कसं म्हणायचं? मग मी माझ्या जुन्या वाटेने गेले. पाणी कमी केलं. सकाळी उजाडायच्या आत झाडीत जाऊन यायचं, दिवसा एखाद्या हॉटेलात चहा घ्यायला गेलो तर तिथे. त्यांनी माझ्यासाठी दोन बाटल्या भरून ठेवलेल्या असत. मी त्या घेऊन मळ्याच्या कडेला बसायचे आणि कॉफीच्या झुडपाच्या बुडाशी ओतून यायचे. संध्याकाळी रिकाम्या बाटल्या पाहून ते म्हणायचे, “वा! याले म्हन्ते पेशंट.” त्यांचा चेहरा असा उजळायचा की मला रडू यायचं. पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ओतायचेच. भीमकुंड पाहिलं, गाविलगडाच्या दरवाजापर्यंत गेलो, आणि ते झुडूप मात्र टवटवीत झालं.

खाली उतरलो तेव्हा उन्हाने कहर केला होता. परतवाडा, अंजनगाव, अकोट. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी रानं, एकही हिरवं पान नाही. गाडीचा पत्रा हात लावू देत नव्हता. कूलर गरम वाफ फेकत होता. माझं डोकं दुखत होतं, ओठ चिकटत होते. ते दर थोड्या वेळाने विचारत, “पानी पेली का?” मी बाटली तोंडाला लावून दाखवायचे. मनात हिशोब एकच, अकोल्यात मोठं हॉटेल लागेल.

अकोल्यात मला जुनं शहर पाहायचं होतं. डी.एड.च्या काळात मी तिथे एका गल्लीत दुर्गाबाई नावाच्या विधवा बाईंकडे खोली घेऊन राहिले होते. आमच्या समाजाच्या मुलीला खोली मिळणं सोपं नव्हतं तेव्हा, त्यांनी जातही विचारली नाही, फक्त विचारलं, “स्वयंपाक येते का?” ते घर एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. गाडी आत जाणार नाही म्हणून मोर्णा नदीच्या अलीकडे सावली पाहून लावली आणि पूल ओलांडून पायी निघालो.

नदीत पाण्यापेक्षा जलपर्णी जास्त. गल्ल्या तशाच अरुंद, वर तारांचं जाळं, मसाल्याचा वास, दुचाक्यांचे हॉर्न. घर सापडलं. खाली मोबाईल दुरुस्तीचं दुकान झालं होतं, पण वरची माझी खिडकी तीच, तिचा हिरवा गज तोच. दुर्गाबाईंच्या सुनेने आत बोलावलं. दुर्गाबाई कधीच वारल्या होत्या, त्यांचा फोटो भिंतीवर होता. सुनेने माठातलं पाणी आणलं. देवानंद दोन पेले गटागट प्यायले. मी ओठ लावले आणि पेला खाली ठेवला. अनोळखी घर, कुठे विचारायचं?

परत येताना भाजीबाजारात माझ्या डोळ्यांसमोर आधी पिवळं झालं, मग काहीच दिसेना. इतकं आठवतं की मी एका बाईच्या कैऱ्यांच्या ढिगाला धरलं आणि कैऱ्या घरंगळल्या. ती बाई ओरडली, “अवो भाऊ, बाई पडून राहिली ना!”

पुढचं तुकड्यातुकड्यांत आठवतं. ऑटो. यांचा घामाने भिजलेला सदरा. दवाखान्याचा पांढरा दिवा. सुई टोचण्यासाठी शीर सापडत नव्हती. मग मशीन. होय, घ्यावं लागलं. जमुनाच्या खाटेशेजारी जे उभं असायचं तेच मशीन माझ्या खाटेशेजारी उभं राहिलं, आणि मी त्याच्याकडे न पाहता छताकडे पाहत राहिले. मला फार भीती वाटली. मरणाची नाही इतकी, जितकी आठवड्यातून दोनदा मरणाच्या दारात नेऊन परत आणण्याची.

शुद्ध नीट आली तेव्हा वॉर्डात सिस्टर यांना खडसावत होत्या. नाव मैना, उंच, आवाज खणखणीत.

“काकाजी, लाजून कसं चालन? पिशवीत लघवी किती जमा झाली, ते मापाच्या भांड्यात काढायचं अन् मले सांगायचं. डाक्टर त्याच्यावरच पानी ठरवते. बोला, सकाळपासून किती?”

देवानंद भांडं हातात धरून उभे होते. कान लाल झालेले. सारा वॉर्ड ऐकत होता.

“थोडीच,” ते पुटपुटले.

“थोडी म्हन्जे? माप सांगा.”

त्यांनी भांडं डोळ्यांसमोर धरलं, चष्मा वर केला आणि आकडा सांगितला. मी डोळे मिटून घेतले. माझ्या नवऱ्याच्या हातात माझं ते भांडं, आणि मी अजून जिवंत. याआधी मला वाटायचं, असं झालं तर मी लाजेनेच मरेन.

सिस्टर गेल्यावर ते स्टुलावर बसले. मग मी म्हटलं, “अवो, एक सांगू? चिखलदऱ्याले मी पानी पेतच नव्हती. झाडाले टाकत होती.”

ते खाली पाहत म्हणाले, “मले मालूम आहे.”

“मालूम आहे?”

“टाकी मीच काढतो ना वो. पहिल्याच दिवशी पाह्यली. नुसतं साधं पानी. दुसऱ्या दिवशी कोरडी. तिसऱ्या दिवशीबी कोरडी.”

मला खाटेवरून उठता येत नव्हतं, नाहीतर उठले असते. “मंग बोलले कावून नाही? तुमी रोज वा म्हनत होते! याले म्हन्ते पेशंट म्हनत होते!”

“इचारू कसं?” ते म्हणाले. “तुले काय म्हनून इचारू? शब्दच येत नव्हता तोंडात. मनाची समजूत घातली, जात असन हाटेलात. गाडी केली मी, टाकी केली, वेल्डिंग असं केलं का थेंब गळनार नाही. अन् एवढं इचारता नाही आलं मले.”

ते रडू लागले, तोंडावर दुपट्टा धरून. मला राग आला होता, खूप. त्यांच्यावर, माझ्यावर, त्या हेडमास्तरांवर, चांगल्या घरची माणसं असं बोलत नाहीत म्हणून शिकवणाऱ्या सगळ्यांवर. दोन शहाणी माणसं, दोघांनाही पेन्शन, आणि एक शब्द तोंडातून निघत नाही म्हणून एक किडनी पणाला लावलेली.

राग ओसरल्यावर मी त्यांना जमुनाची गोष्ट सांगितली. पऱ्हाटी, धुरा, पाठ करून उभी असलेली जमुना आणि तिचे पाढे. इतक्या वर्षांत ती कधी सांगितली नव्हती. सांगणार तरी कशी, त्यात तो शब्द येत होता. आणि सुरीबद्दलही सांगितलं. ते चकित झाले.

“मी तर तुले बरं वाटावं म्हनून थांबवली.”

“थांबवली म्हनूनच नाही झालं.”

सुटी देताना डॉक्टरांनी खोटा दिलासा दिला नाही. रक्ततपासणीचे आकडे थोडे उतरले आहेत, पण पूर्वीच्या जागी नाहीत. पंधरा दिवस ठरवून दिलेलं पाणी अगदी नेमाने, मग पुन्हा तपासणी. किडनीने हात दिला तर दिला, नाहीतर मशीन कायमचं. आम्ही दोघांनी मान हलवली.

गाडी मोर्णेकाठी तशीच उभी होती, आतून भट्टीसारखी तापलेली. निघालो. मूर्तिजापूरच्या अलीकडे मी बाटलीतलं पाणी संपवलं. खरोखर संपवलं. आणि थोड्या वेळाने जायची घाई झाली. मी मांडी आवळून खिडकीबाहेर पाहत बसले. जुनी सवय.

देवानंदांनी माझ्याकडे पाहिलं. गाडी हळू केली आणि रस्त्याच्या कडेला घेतली. दोन्ही बाजूंना नुसती उघडी काळी जमीन. एक झाड नाही.

“पुढे हाटेल लागन,” मी म्हटलं.

त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. समोर पाहत, एकेक अक्षर ढकलत म्हणाले, “लघवीले जायचं का तुले?”

तो शब्द आमच्या दोघांच्या मधे येऊन बसला. आभाळ कोसळलं नाही. मागून एक ट्रक हॉर्न देत निघून गेला.

“हाव,” मी म्हटलं.

ते खाली उतरले. दुपट्टा डोक्याला गुंडाळला, तापलेल्या ढेकळांतून चांगलं लांबवर चालत गेले आणि गाडीकडे पाठ करून उभे राहिले. मी निळं दार उघडून आत गेले, कडी लावली. वरच्या फटीतून ते दिसत होते. मग त्यांचा आवाज आला, वर्गात शिकवायचे तसा, खणखणीत.

“बे एके बे! बे दुने चार!”

मी दाराला डोकं टेकवलं. जमुना गेल्यापासून माझ्यासाठी असं कुणी उभं राहिलं नव्हतं.

बेचा झाला, तीनचा झाला, आणि मला अजून जमत नव्हतं. ते थांबले नाहीत. माथ्यावर ते ऊन, पायाखाली ती जमीन, आणि साठी ओलांडलेला हा माणूस रिकाम्या रानाला पाढे शिकवत होता. सात, आठ, नऊ. घसा बसत चालला होता. बारापर्यंत रेटत नेलं. तेराचा त्यांना कधीच येत नव्हता, आकांक्षाचा अभ्यास घेतानाही मीच घ्यायचे.

“तेरा सक अठ्ठ्याहत्तर! तेरा सत्ते...” ते अडले. “तेरा सत्ते... तेरा सत्ते...”

“एक्क्याण्णव!” मी आतून ओरडले.

बाहेर क्षणभर सगळं थांबलं. त्या शांततेत खालच्या टाकीत पडणारी धार मला ऐकू आली, आणि मी ती थांबवली नाही.

“एक्क्याण्णव!” ते लांबून ओरडले. “पुढचं सांग!”

“तेरा अठ्ठे चारोत्तरशे!” मी बसल्या बसल्याच म्हटलं. मला रडू येत होतं आणि आवाज मात्र वर्गातला निघत होता.

पंधरा दिवसांनी काय निघेल ते मला ठाऊक नाही. मी बाहेर आले, हात धुतले, दुसरी बाटली भरली आणि दारात उभी राहून त्यांना हाक मारली, की झालं, उन्हातून या.